माठाचा धडा उन्हाळ्यात कामाचा

एप्रिलमध्ये सहावी ते आठवीच्या वर्गांत वार्षिक परीक्षेची उजळणी चालते. ‘माठातले पाणी गार का राहते?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मुलांना पाठ असते : बाष्पीभवन होताना पाणी उष्णता शोषून घेते. आपले शरीरही याच नियमाने थंड राहते. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते.

कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसताच निथळतो. म्हणून तिथे ३५ अंशही असह्य होतात. विदर्भात घाम झटकन वाळतो, त्यामुळे अंगातले किती पाणी गेले ते कळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, ते यासाठी.

उन्हात खेळणारे मूल असंबद्ध बोलू लागले, त्याला झटके आले किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम असला तरी गाफील राहू नये. लगेच १०८ला फोन करावा. मुलाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. इथेही माठाचाच नियम कामी येतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

सुट्टी लागण्यापूर्वी एक तास शिक्षकांनी यासाठी द्यावा. दुपारी बारा ते तीन मैदानाऐवजी सावलीत का खेळायचे, हे मग मुलेच घरी समजावून सांगतील.