मलमाआधी निदान



पावसाळा सुरू झाला की आपल्या वसतिगृहात एक ट्यूब फिरू लागते. ती कोणी आणली हे कोणालाच ठाऊक नसते, पण खाज सुटली की ती मागायची एवढे सगळ्यांना माहीत असते. या लेखात मी त्या ट्यूबविषयी, अंगावर उठणाऱ्या निरनिराळ्या पुरळांविषयी आणि आमच्या गावासारख्या ठिकाणी योग्य डॉक्टर कसा शोधायचा याविषयी लिहिणार आहे.

आम्ही मूळचे गोंदियाचे. बाबा रेल्वेत असल्यामुळे आता आमचे घर छत्तीसगडमध्ये, चरोद्याला आहे. भिलाई आणि रायपूर यांच्या दरम्यानचे हे रेल्वेचे गाव. येथील भिलाई मार्शलिंग यार्डाला सगळे ‘बीएमवाय’ म्हणतात. मे महिन्यात येथे पारा ४४ अंशांपर्यंत जातो आणि जूनच्या मध्यापासून पाऊस आला की हवा चिकट होते. यार्डात काम करणाऱ्यांचा गणवेश दिवसभर घामाने ओला असतो. आपला ड्रिलचा गणवेशही तसाच असतो, म्हणून चरोद्याची गोष्ट आपल्या शाळेलाही लागू पडते.

मराठीत ‘दाद’ म्हणजे गाण्याला मिळणारी वाहवा. चरोद्यात मात्र दाद म्हणजे गजकर्ण, म्हणजेच नायटा. आमच्या शेजारच्या काकांना पट्ट्याखाली, कमरेवर दहाच्या नाण्याएवढी दाद झाली. त्यांनी दुकानातून चिठ्ठीशिवाय एक मलम आणले. तीन दिवसांत खाज थांबली, म्हणून त्यांनी लावणे बंद केले. आठवड्याने खाज परत आली, पुन्हा मलम लावले. असे चार महिने चालले. तोवर नायटा पोटापर्यंत आणि जांघेपर्यंत पसरला होता आणि काकूंना व त्यांच्या मुलालाही झाला होता.

असे का झाले? नायटा बुरशीमुळे होतो. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरातील केराटिन या पदार्थावर जगते. शरीर तिच्याशी लढते, म्हणूनच कातडी लाल होते आणि खाज येते. काकांच्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉल होते. हे कातडीवर लावायच्या सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक आहे. स्टेरॉइड शरीराच्या लढाईलाच थांबवते. खाज आणि लाली जाते, आपल्याला वाटते रोग गेला, पण पहारेकरी झोपवल्यावर चोराला मोकळे रान मिळावे तशी बुरशी आत वाढत राहते. नायट्याची ठळक गोल कडाही पुसट होते आणि डॉक्टरांनाही ओळखणे अवघड जाते. या फसव्या नायट्याला १९६८ साली ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेषांतर केलेला नायटा, असे नाव मिळाले. शिवाय असे मलम फार दिवस लावले तर कातडी पातळ होते आणि जांघेत, काखेत कायमचे चट्टे पडतात.

हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. गेल्या काही वर्षांत भारतभर हट्टी नायट्याची साथच आली आहे. साध्या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० साली शास्त्रज्ञांनी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. त्या नावातच आपल्या देशाचे नाव आहे. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे या साथीचे एक मोठे कारण मानले जाते. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी दुकानात ती सहज मिळतात. म्हणून ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचायची सवय लावा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते मलम स्वतःच्या मनाने लावू नका.

आता, प्रत्येक पुरळ म्हणजे नायटा नव्हे. मला समजलेला फरक सांगतो.

घामोळे : घामाच्या नळ्या बंद होऊन बारीक टोचणारे दाणे येतात. मान, पाठ आणि छातीवर जास्त. याला मलमापेक्षा गार पाण्याची अंघोळ, पंखा, सैल सुती कपडे आणि लागलेच तर कॅलामाइन लोशन पुरते. तेल किंवा जाड क्रीम लावले तर ते वाढते.

नायटा : गोल चट्टा, कडा उठलेली व खवलेदार, मध्यभाग त्या मानाने साफ. जांघ, कंबर, काख आणि पायाच्या बोटांमध्ये होतो. खात्री करायची तर डॉक्टर चट्ट्याची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

खरूज : ही एका सूक्ष्म किडीमुळे होते. खाज रात्री वाढते आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती दाणे दिसतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात खरूज इतकी वाढली की केनेथ मेलन्बी या शास्त्रज्ञाने १९४१ पासून शेफिल्ड येथे स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांचे कपडे आणि ब्लँकेटे वापरूनही फार थोड्यांना ती झाली. ती मुख्यतः कातडीला कातडी बराच वेळ लागल्याने पसरते, हे त्यातून कळले. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात. म्हणून एका मुलाला खरूज निघाली की जवळ राहणाऱ्या सर्वांनी एकाच दिवशी उपचार घ्यावे लागतात, नाहीतर ती फिरत राहते.

न खाजणारा फिका चट्टा : यात स्पर्श कमी कळत असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करायलाच हवी. छत्तीसगडमध्ये या रोगाचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. बाबा आमट्यांचे आनंदवन ठाऊक असलेल्या आपल्यासारख्यांनी तरी या नावाला भिऊ नये. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि ६ ते १२ महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होतो.

काही पुरळांना मात्र वाट पाहायची नसते. तापाबरोबर पुरळ, दाबले तरी फिके न पडणारे लाल-जांभळे ठिपके, औषध घेतल्यावर तोंडात फोड, गरम होऊन पसरणारी सूज, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओठ-डोळे सुजून दम लागला तर लगेच १०८ ला फोन करा. कॅम्पहून आल्यावर ताप आला आणि अंगावर न दुखणारी काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना जरूर दाखवा. ते स्क्रब टायफसचे लक्षण असू शकते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याची साथ आली होती.

मग डॉक्टर शोधायचा कसा? त्वचारोगतज्ज्ञाच्या पाटीवर एम.बी.बी.एस. नंतर त्वचारोगातील एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.डी.व्ही.एल. अशी पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक चिठ्ठीवरही असावा लागतो. नसेल तर विचारायला लाजू नये. आमच्याकडे विनापदवीच्या डॉक्टरांना ‘झोलाछाप’ म्हणतात. चरोद्याहून रायपूरच्या वाटेवरच टाटीबंधला एम्स आहे. दुसऱ्या बाजूला दुर्गचे जिल्हा रुग्णालय आहे आणि भिलाईत सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे मोठे रुग्णालय आहे. रेल्वेच्या कुटुंबांना रेल्वेच्या दवाखान्यातून पुढे पाठवतात. जाता येत नसेल तर ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेवर फोनवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येते. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब बरोबर न्याव्यात. डॉक्टरांना त्यावरून निम्मी गोष्ट कळते.

काका शेवटी रायपूरला त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. जुने मलम बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज उलट वाढली, पण डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवले होते. घरातील तिघांनाही एकदमच औषध सुरू झाले. चट्टे दिसेनासे झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस त्यांनी गोळ्या घेतल्या. नायटा गेला, जांघेतील पांढऱ्या रेघा मात्र राहिल्या आहेत.

व्हिएतनाम युद्धात मेकाँगच्या भातखाचरांत लढणाऱ्या अमेरिकन पलटणींतील कितीतरी सैनिक गोळीने नव्हे, तर पायाच्या आणि कातडीच्या रोगांनी कामाबाहेर गेले होते. आपल्यालाही पुढे भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कातडी दाखवावी लागणार आहे. तेव्हा टॉवेल, बनियन आणि मोजे एकमेकांचे वापरू नका. पी.टी. नंतर ओले कपडे लगेच बदला. अंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या आणि जांघा कोरड्या पुसा. मोजे रोज धुवून उन्हात वाळवा.

पालकांना विनंती की सुट्टीनंतर मुलाच्या ट्रंकेत नाव नसलेले मलम ठेवू नये. आणि मित्रांनो, जांघेत खाज येते हे सांगायला लाज वाटते, हे मी जाणतो. त्या लाजेमुळेच ट्यूब खोलीखोलीतून फिरते. एम.आय. रूममध्ये रोज सकाळी सिक रिपोर्ट असतो. तेथे नाव लिहायला दोन मिनिटे लागतात आणि दार लावून तपासतात.