निर्मितीवादी संग्रहालये आणि कोकणातला कातळ

सजीवांची उत्क्रांती झालीच नाही, धर्मग्रंथात लिहिल्याप्रमाणे ते जसेच्या तसे निर्माण केले गेले, असे मांडणाऱ्या संग्रहालयांना निर्मितीवादी संग्रहालये म्हणतात. त्यांतले सर्वांत गाजलेले अमेरिकेतील केंटकी राज्यात, पीटर्सबर्ग येथे 2007 मध्ये सुरू झाले. पृथ्वीचे वय सुमारे 6,000 वर्षे, माणूस आणि डायनोसॉर एकाच काळातले, अशी त्याची मांडणी आहे.

तिथे सगळा प्लास्टिकचा देखावा असेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिथला ॲलोसॉरस या डायनोसॉरचा सांगाडा अस्सल जीवाश्म आहे. कवटीच 34 इंच लांब, वाकडे धारदार दात जागच्या जागी. खोट हाडांत नाही, शेजारच्या माहितीत आहे. खडकांच्या वयावरून हा प्राणी सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा. संग्रहालय सांगते, तो सुमारे 4,300 वर्षांपूर्वी बायबलमधल्या नोहाच्या महापुरात मेला. संग्रहालय चालवणाऱ्या 'आन्सर्स इन जेनेसिस' या संस्थेच्या श्रद्धापत्रातच बायबलशी विसंगत पुरावा ग्राह्य नाही, असे नमूद आहे. त्यामुळे 'दोन्ही बाजू मांडल्या तर बिघडले कुठे?' हा प्रश्न इथे लागूच होत नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये याच संग्रहालयात संस्थेचे प्रमुख केन हॅम आणि विज्ञानप्रसारक बिल नाय यांचा वाद झाला. मत कशाने बदलेल, या प्रश्नावर नाय यांचे उत्तर होते, पुराव्याने. हॅम यांनी बायबलवरचा विश्वास कशानेही ढळणार नाही, असे सांगितले. संग्रहालय आणि प्रचारगृह यांतला फरक या दोन उत्तरांत स्पष्ट दिसतो.

बहुतेक अमेरिकन लोक याच मताचे आहेत, हाही समज चुकीचा. गॅलपच्या 2024 च्या पाहणीत, देवाने माणसाला आहे त्याच रूपात गेल्या 10,000 वर्षांत घडवले, असे मानणारे 37 टक्के होते. उत्क्रांती झाली पण देवाच्या योजनेने, असे म्हणणारे 34 टक्के. सगळे ख्रिस्ती उत्क्रांती नाकारतात असेही नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्येच उत्क्रांती ही केवळ गृहीतक राहिलेली नाही, असे म्हटले होते.

हे सारे तिकडचे, आपल्याकडे असले काही नाही, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही, हा त्यांचा मुद्दा. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून तो खोडून काढला. आजच्या माकडापासून माणूस झाला, असे उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता आणि त्यांच्या वाटा साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. अशा फुटलेल्या वाटा सिंधुदुर्गातही दिसतात. आंबोलीच्या सड्यांवर पहिल्या पावसात, कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालणारा एक छोटा भेक आहे. त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद कोयनेच्या परिसरात राहतो. 2009 मध्ये या दोघांसाठी शास्त्रज्ञांनी स्वतंत्र प्रजाती-गट मांडला: झँथोफ्रीन. एकाच घराण्याच्या दोन शाखा, घाटमाथ्यावर दोन ठिकाणी.

याच सिंधुदुर्गात कसाल गावाच्या पंचक्रोशीत जत्रांच्या दिवसांत दशावतारी नाटके रात्रभर रंगतात, आणि मासा, कासव, वराह या क्रमामुळे 'दशावतार म्हणजेच उत्क्रांती' हे वाक्य इथेही सहज कानावर येते. ही तुलना आधुनिक आहे. थिऑसॉफीच्या प्रवर्तक हेलेना ब्लाव्हाट्स्की यांनी ती 1877 मध्ये मांडली. अवतारांत एकच विष्णू वेगवेगळी रूपे धारण करतो. कासवाचा वंश पुढे वराहाकडे जात नाही, नैसर्गिक निवडही तिथे नाही. दशावताराला मोठे व्हायला डार्विनचा आधार लागत नाही.

परशुरामाच्या बाणाने समुद्र हटला, या कथेला भूशास्त्राचा पुरावा म्हणून पुढे करणेही असेच चुकीचे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्याहून 120 मीटरच्या आसपास खाली होती. नंतर पाणी वर चढले आणि गड, कर्ली यांसारख्या नद्यांची मुखे बुडून खाड्या झाल्या; मधल्या काळात पाणी उतरले तेही काही मीटरच. महामार्गावरून कसालला मालवणकडे वळले की दिसणारा जांभा तर त्याहून फार जुना. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांत मूळ खडकातली सिलिका झिजून वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले. चिरेखाणीत ताज्या कापलेल्या चिऱ्याच्या भोकांत पिवळसर-पांढरी माती दिसते, ती याच झिजेची खूण.

शाळेतून उत्क्रांती काढून टाकली, ही समजूत अर्धीच खरी. 2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून हा भाग वगळला आणि 1,800 हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आदींनी जाहीर पत्राने निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांचे नुकसान मात्र खरेच आहे. महाराष्ट्र मंडळाच्या 2018 पासूनच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलेच प्रकरण आहे.