बेल रिओज दोनदा हरतो

गाजलेल्या कादंबरीवर मालिका आली की आपण लगेच हिशेब मांडायला बसतो. काय गाळलं, काय घुसडलं, कोणत्या पुरुषाची बाई केली. आयझॅक असिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’वरच्या मालिकेला हा हिशेब लावला तर वही भरेल आणि हाती फारसं काही लागणार नाही. ॲपल टीव्ही प्लसवर सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत पुस्तकांतली नावं सापडतात, ग्रह सापडतात, प्रसंग मात्र क्वचितच. म्हणून इथे एकच पात्र घेऊन ते दोन्हीकडे नीट पाहू. बेल रिओज हा साम्राज्याचा सेनापती दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे हरतो. तो का हरतो, यात सगळा फरक दडलाय.

आधी पुस्तकाची घडण. ‘फाउंडेशन’ ही मुळात कादंबरी नव्हतीच. ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकन मासिकात १९४२ ते १९५० या काळात सुट्या सुट्या कथा छापून आल्या. पहिली कथा आली तेव्हा असिमॉव्ह बावीस वर्षांचा होता. गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास त्याच्या डोक्यात होता. तोच आकाशगंगेत नेऊन मांडायचा ही कल्पना. पहिल्या कथेचा शेवट त्याने मुद्दाम अर्धवट ठेवला, म्हणजे संपादक जॉन कॅम्पबेलला पुढची कथा विकत घ्यावीच लागेल. पुढे १९५१ ते १९५३ मध्ये या कथा तीन पुस्तकांत बांधल्या गेल्या आणि पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला एक नवी कथा जोडली गेली.

कथेचं सूत्र असं. बारा हजार वर्षं चाललेलं साम्राज्य आतून पोखरलंय. हारी सेल्डन हा गणिती ‘सायकोहिस्टरी’ नावाचं शास्त्र उभं करतो. वायूतला एक रेणू कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण बाटलीभर वायूचा दाब किती असेल हे सांगता येतं. तसंच एका माणसाचं नाही, पण अब्जावधी माणसांच्या समूहाचं भाकीत करता येतं. अटी दोन. माणसं पुरेशी जास्त हवीत आणि त्यांना भाकीत ठाऊक नसावं. सेल्डनचं गणित सांगतं की साम्राज्य कोसळणारच आणि त्यानंतर तीस हजार वर्षं अंधार राहील. नीट आखणी केली तर तो काळ हजार वर्षांवर आणता येईल. त्यासाठी आकाशगंगेच्या कडेला, टर्मिनस नावाच्या ओसाड ग्रहावर तो एक वसाहत वसवतो. तीच फाउंडेशन.

आता पडद्याची अडचण लक्षात येईल. हजार वर्षांच्या गोष्टीत कोणीच टिकत नाही. तीस-पन्नास वर्षांनी कथा पुढे उडी मारते, जुनी माणसं मरून गेलेली असतात, नवी येतात. शिवाय माणूस महत्त्वाचा नाही हाच गोष्टीचा मुद्दा. त्यात बहुतेक घटना पडद्याआड घडतात आणि आपल्यासमोर येतात ती खोलीत बसून वाद घालणारी माणसं. बीबीसी रेडिओने १९७३ मध्ये याचं आठ भागांचं नभोनाट्य केलं, ते आश्चर्य नाही. बोलण्यावर चालणारी गोष्ट रेडिओला सोयीची. टीव्हीच्या प्रेक्षकाला मात्र चेहरा लागतो, आणि तो पुढच्या हंगामातही लागतो.

मालिकेचा कर्ता डेव्हिड गॉयर आणि त्याच्या लेखकांनी केलेले जवळजवळ सगळे बदल या एका गरजेतून आलेत. पुस्तकात गाल डॉर्निक हा तरुण गणिती पहिल्या प्रकरणापुरता येतो. मालिकेत ती तरुणी होते आणि शीतनिद्रेत शतकं ओलांडते. सेल्डन मरतो, पण त्याची संगणकीय प्रत बोलत राहते. सॅल्वर हार्डिन हा पुस्तकातला चतुर महापौर मालिकेत शस्त्र घेतलेली पहारेकरी होते आणि तिच्या अंगी विशेष शक्ती येते. (पहिल्या हंगामात तिच्यासमोर उभी राहणारी ॲनाक्रिऑन ग्रहाची फारा म्हणजे ‘सेक्रेड गेम्स’मधली आपली कुब्रा सैत.) आणि सम्राट? पहिल्या क्लिऑनचे क्लोन एकापाठोपाठ एक गादीवर बसतात. एकाच वेळी तिघे राज्य करतात, कोवळा डॉन, ऐन भरातला डे आणि उतरणीला लागलेला डस्क. दुसरा हंगाम १३८ वर्षांनी सुरू होतो आणि तिसरा त्यानंतर १५२ वर्षांनी, तरी डे साकारणारा ली पेस तोच राहतो.

आता बेल रिओज. पुस्तकातली ही कथा १९४५ सालची. बायझंटाइन सेनापती बेलिसॅरियस आणि त्याच्यावर संशय घेणारा सम्राट जस्टिनियन यांची छाया तिच्यावर स्पष्ट आहे. रिओज तरुण आहे, कर्तबगार आहे आणि साम्राज्यावर त्याची निष्ठा आहे. मेलेल्या सेल्डनचं गणित माझ्या जिवंत इच्छाशक्तीपुढे काय टिकणार, असा त्याचा सवाल. तो फाउंडेशनला वेढा घालतो आणि जिंकत जातो. इकडे फाउंडेशनचा व्यापारी डेव्हर्स आणि म्हातारा डुसेम बार त्याच्या तावडीतून निसटून राजधानी ट्रँटरला पोचतात. सम्राटाचे कान भरायचे, असा बेत. मग एका कारकुनाला लाच, त्याच्या वरच्याला लाच, त्याच्याही वरच्याला. आपल्याकडे सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या कोणालाही हे प्रकरण वाचताना हसू येईल. एवढं करूनही सम्राटाची भेट होत नाहीच. जीव मुठीत धरून पळावं लागतं. आणि वाटेतच बातमी कळते की रिओजला सम्राटाने परत बोलावून कैद केलंय.

ते कसं झालं, हे बार समजावून सांगतो, आणि तो उलगडा असिमॉव्हच्या सगळ्या लेखनात मला सर्वांत देखणा वाटतो. सेनापती दुबळा असता तर फाउंडेशनला धोकाच नव्हता. सेनापती बलवान आणि सम्राट दुबळा असता, तर तो बाहेर कशाला लढेल, घरचं सिंहासनच बळकावेल. राहता राहिला बलवान सेनापती आणि बलवान सम्राट. पण बलवान सम्राट बलवान का असतो? कारण तो अशा सेनापतींना डोईजड होऊ देत नाही. रिओज जितका जिंकेल तितका सम्राटाचा संशय वाढणार. म्हणजे त्याच्या पराभवाचं बीज त्याच्या विजयातच होतं. डेव्हर्स-बारची सगळी धावपळ नसती तरी हेच झालं असतं! वाचक ज्या नायकांसाठी जीव मुठीत धरून बसला होता, त्यांची गरजच नव्हती.

मालिकेच्या दुसऱ्या हंगामात (२०२३) रिओज कैदी आहे. सम्राटाचा हुकूम मोडल्याची शिक्षा भोगतोय. ज्याला तो मेलेला समजत होता तो त्याचा जोडीदार ग्लॉएन त्याला परत मिळतो आणि त्या बदल्यात मोहीम गळ्यात पडते. पुढे डे स्वतः टर्मिनसवर येतो, ग्रहाचा विध्वंस करायला लावतो आणि त्यात ग्लॉएन जातो. शेवटी रिओज आणि डे यांची जहाजावर हातघाई होते आणि जागा अदलाबदल करणाऱ्या एका यंत्राच्या युक्तीने सम्राट थेट अंतराळात फेकला जातो. फाउंडेशनचा व्यापारी होबर मॅलो याने केलेल्या गुप्त कराराने साम्राज्याचा ताफाही नष्ट होतो. प्रसंग थरारक आहे, बेन डॅनिअल्सने रिओज सुंदर केलाय आणि ग्लॉएनच्या मरणाने पोटात कालवतं. पण इथे मॅलो नसता, ते यंत्र नसतं, तर फाउंडेशन हरलीच असती. पुस्तकाने ज्याच्या विरुद्ध युक्तिवाद केला, नेमकं तेच मालिका उत्कटपणे सिद्ध करते.

पुस्तकातल्या मॅलोची जिंकण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. कोरेल या राष्ट्राशी युद्ध होतं तेव्हा तो काहीच करत नाही. फाउंडेशनने विकलेली घरगुती अणुयंत्रं हळूहळू बंद पडतात, दुरुस्तीला कोणी नाही, घरोघरी कुरकुर सुरू होते आणि राज्यकर्त्यांना नमावं लागतं. हे दहा भागांत कसं दाखवणार? पटकथेच्या टेबलावर हे पान उलटून पुढे गेलं असेल तर मी दोष देणार नाही.

गंमत अशी की असिमॉव्हच्या विचाराशी मालिका सर्वांत प्रामाणिक राहते ती त्याने न लिहिलेल्या भागात. क्लिऑनची क्लोन गादी पुस्तकात कुठेच नाही. पण तोच चेहरा, तीच बुद्धी, तीच सत्ता पिढ्यान्‌पिढ्या आलटूनपालटून बसते, प्रत्येक जण आपण वेगळं काही करू म्हणून धडपडतो आणि साम्राज्य ठरल्या वेगाने खचतच जातं. माणूस बदलून काही होत नाही, हे याहून नेमकं कसं सांगणार? त्यात मूळ मजकुराचे धागेही आहेत. असिमॉव्हच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये आलेल्या ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’मध्ये पहिल्या क्लिऑनचा खून एक माळी करतो, तोही नको असलेली बढती लादल्यामुळे. मालिकेच्या पहिल्या हंगामात कोवळ्या डॉनला जाळ्यात ओढणारी मुलगी राजवाड्याच्या बागेतच कामाला आहे. पुस्तक वाचलेल्याला तिच्या हातातली बागकामाची हत्यारं पाहून वेगळीच धाकधूक होते.

म्यूलपाशी मात्र पुस्तक आणि मालिका प्रथमच एका जमिनीवर येतात. दुसऱ्यांच्या भावना वळवू शकणारा हा उत्परिवर्ती माणूस सेल्डनचं गणित उधळतो. ही मागणी कॅम्पबेलची. असिमॉव्हला आपली योजना मोडायची नव्हती. पण त्यामुळे एकटा माणूस इतिहास फिरवतो, हे पुस्तकालाच मान्य करावं लागतं. २०२५ च्या तिसऱ्या हंगामात म्यूल आलाय. तो खरा कोण, हे १९४५ पासून वाचकांना माहीत असल्यामुळे पुस्तक वाचलेला प्रेक्षक पहिल्यापासून एकाच पात्रावर नजर ठेवून बसतो, आणि मालिकेच्या लेखकांनी नेमका त्याचाच फायदा उठवलाय.