हेमंतातील कास : निदानपरीक्षणाचा पुनर्विचार

हेमंत हा बलाचा ऋतू. या काळात जाठराग्नी प्रदीप्त असतो व शरीरबल उत्तम असते, हे आपण सर्वांनी ऋतुचर्येत अभ्यासले आहे. तथापि मार्गशीर्ष लागताच आपल्या चिकित्सालयांत गर्दी होते ती प्रतिश्याय, कास आणि तमकश्वासाच्या रुग्णांची. हा विरोध शास्त्रातील नसून आपल्या हेतुपरीक्षणातील अपूर्णतेचा आहे, असे बुटीबोरीत व्यवसाय करताना प्रकर्षाने जाणवते.

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरील या गावालगत मोठी औद्योगिक वसाहत आहे. विदर्भाची थंडी कोरडी व तीव्र. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची गार हवा वरच्या उष्ण थराखाली अडकते आणि चुली, शेकोट्या, वाहने व धुराडी यांचा धूर सकाळपर्यंत खालीच कोंडून राहतो. चरकाचार्यांनी हिक्काश्वासाच्या हेतूंत रज, धूम, वात, शीत स्थान व शीत जल यांची गणना केली आहे. पहाटेच्या पाळीला सायकलीवरून निघालेल्या कामगाराच्या ठायी यांपैकी बहुतेक हेतू एकाच वेळी एकवटतात.

दुसरा हेतू निवासाचा. एका खोलीत सहा-सात जण; दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर निजतो. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद. सुश्रुताचार्यांनी कुष्ठनिदानाच्या अखेरीस औपसर्गिक रोगांचे मार्ग सांगताना निःश्वास, सहभोजन व सहशय्या यांचा उल्लेख केला असून अशा रोगांत ज्वराबरोबर शोषही गणला आहे.

या वचनाचा विसर मला एकदा महागात पडला. काही वर्षांपूर्वी पौषात एक तरुण कामगार खोकल्यासाठी आला. सितोपलादी व वासावलेह दिले. किंचित उपशय मिळाला. थंडी सरली की बरे वाटेल, असे म्हणत मी तीन आठवडे तेच औषध चालू ठेवले. सायंकाळचा ज्वर व घटलेले वजन ही लक्षणे त्याने लपविली नव्हती. मीच विचारली नव्हती. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निष्पन्न झाला. दरम्यान त्याचे सोबती त्याच बंद खोलीत निजत होते. औषधी निर्दोष होत्या. दोष ऋतूवर भार टाकणाऱ्या वैद्याचा होता.

म्हणून वैद्यबंधूंना नम्र सूचना. प्रत्येक कासरुग्णास व्यवसाय, पाळी, स्वयंपाकाचे इंधन व सहनिवासी यांविषयी विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा कास, सायंज्वर, रक्तष्ठीवन किंवा वजनक्षय आढळल्यास थुंकीची तपासणी विनाविलंब करवावी. क्षयरोगाची नोंद शासनास कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे. निदान निश्चित झाल्यावर क्षयरोगविरोधी औषधे अखंड चालू राहावीत. आपली चिकित्सा बल व अग्निरक्षणासाठी, त्यांना पूरक असावी. श्वासगती वाढलेली असल्यास वा ओठ नीलवर्ण दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधालयचालकांचे उत्तरदायित्वही तितकेच आहे. सितोपलादीतील खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलदोडा व दालचिनी यांचे १६:८:४:२:१ हे प्रमाण तेव्हाच सार्थ ठरते, जेव्हा वंशलोचनाच्या जागी पिष्ट मिसळलेले नसते. श्वासकुठार रसात मनःशिला व वत्सनाभ असल्याने तो वैद्याच्या देखरेखीविना देऊ नये. ‘तासाभरात दमा बंद’ करणारे निनावी चूर्ण तर दुकानात ठेवूच नये. त्यात स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका रास्त असते.

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय. धूर निघून जाईल अशी खिडकी, नाकावर स्वच्छ वस्त्र आणि प्रत्येकाचे स्वतंत्र पांघरूण, एवढे जरी आपण रुग्णाकडून करवून घेतले, तरी पुढील चूर्णाची मात्रा फलदायी ठरेल.