लोखंड बाहेर ठेवून या

मुंबईत विजेवरची ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे पेच उभा राहिला. 1840च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या नोंदी होत होत्या. 1859च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने पृथ्वीचं क्षेत्र कसं कोसळलं, हे आज जगाला सांगता येतं ते बरंचसं कुलाब्याच्या त्या आकड्यांमुळेच. ट्राम सुरू झाली की रुळांतून आणि जमिनीतून वीज धावणार, तिचं स्वतःचं चुंबकत्व तयार होणार आणि पृथ्वीची हळुवार हालचाल त्यात बुडून जाणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी समुद्रापलीकडची जागा निवडली, अलिबागची. 1904मध्ये तिथे काम सुरू झालं. 1906पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका एकमेकींना नीट जोडता यावी. 1907मध्ये मुंबईत विजेवरची ट्राम धावली. तोवर वेधशाळेच्या चुंबकसुया अलिबागला सुखरूप पोचल्या होत्या.

मी पेणचा. शाळेच्या सहलीत गुरुजींनी अलिबागच्या वेधशाळेची इमारत आम्हाला बाहेरूनच दाखवली आणि म्हणाले, "आत लोखंडाचा खिळासुद्धा नाही." कड्या-बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या, दगड पारखून आणलेला. मला तेव्हा त्यात फारसं काही वाटलं नव्हतं. आमचं लक्ष समुद्राकडे होतं.

तीसेक वर्षांनी तेच वाक्य दुसऱ्या रूपात कानावर आलं. रोह्याच्या काकांना घेऊन आम्ही एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात एमआरआयच्या दाराशी उभे होतो. तंत्रज्ञ म्हणाला, "घड्याळ, किल्ल्या, पट्टा, एटीएम कार्ड, लोखंडाचं जे जे असेल ते बाहेर ठेवून या." मग त्याने विचारलं, पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप बसवलीय का, आणि कारखान्यात काम केलंय का. काका धाटावच्या कारखान्यात फिटर होते, आयुष्यभर ग्राइंडिंग केलेलं. हे ऐकताच त्याने आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला पाठवलं. डोळ्यात वर्षानुवर्षं निमूट बसलेला लोखंडाचा कण त्या चुंबकात सरकला तर दृष्टी जाऊ शकते. रोहा, नागोठणे, खोपोली या पट्ट्यात लेथवर, वेल्डिंगवर हयात घालवलेली माणसं घरोघरी आहेत. हा प्रश्न कुणी विचारला नाही, तर आपण होऊन सांगावं.

आत काय होतं ते सांगतो, कारण एमआरआयला आपण अजूनही "मेंदूचा फोटो" म्हणतो.

अलिबागला पृथ्वीचं चुंबकक्षेत्र चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्लाच्या घरात आहे. रुग्णालयातलं नेहमीचं यंत्र 1.5 टेस्लाचं असतं, म्हणजे सुमारे 35 हजार पट. एवढं क्षेत्र अखंड टिकवण्यासाठी नायोबियम-टायटेनियमच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे 269 अंश सेल्सिअसला, बुडवून ठेवतात. तिथे तारेचा विद्युतरोध संपतो आणि वीज फिरत राहते. यंत्र रात्री "बंद" केलं तरी चुंबक चालूच असतो.

आपल्या शरीरात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे, आणि हायड्रोजनचं प्रत्येक केंद्रक एक इवलासा चुंबक आहे. बाहेरचं क्षेत्र लावलं की ही केंद्रकं दोन गटांत विभागतात, काही क्षेत्राच्या दिशेने तर काही उलट. दोन्ही गट जवळजवळ सारखेच भरतात. 1.5 टेस्लाला फरक पडतो तो दर दहा लाखांमागे साधारण पाच केंद्रकांचा. एमआरआयची सगळी चित्रं या पाचांच्या जोरावर उभी आहेत. त्यांना सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीने डिवचायचं, लहर थांबवायची, आणि ती पूर्ववत होत असताना देतात तो क्षीण प्रतिसाद डोक्याभोवतीच्या कॉइलने ऐकायचा. ही खोली तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते, बाहेरचा रेडिओ आत येऊ नये म्हणून. कानाला बधिर करणारा तो ठकठक आवाज येतो ग्रेडियंट कॉइलमधून. जागोजाग क्षेत्र किंचित बदलून कुठला प्रतिसाद कुठून आला याचा पत्ता लावण्याचं काम ती कॉइल करते.

म्हणून मला हे कॅमेऱ्यापेक्षा अलिबागच्या सुयांचं भावंड वाटतं. दोन्हीकडे गोंगाट दूर ठेवून कुजबुज ऐकायची असते.

ही कुजबुज ऐकणाऱ्यांत मुंबईचं नाव फार लवकर येतं. केंद्रकांचा हा प्रतिसाद, म्हणजे केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन, 1946मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी दाखवलं. पुढच्या काही वर्षांत ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये एस. एस. धर्मट्टी काम करत होते. 1951मध्ये आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलवर प्रयोग केला. हायड्रोजन एकच, तरी प्रतिसाद तीन आले, आणि तेही तीनास दोनास एक या प्रमाणात. रेणूत हायड्रोजन कुणाच्या शेजारी बसलाय त्यावर त्याचा सूर बदलतो, हे उघड झालं. धर्मट्टी परतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचा गट उभा केला. त्या गटात सी. एल. खेत्रपाल तयार झाले, ज्यांनी पुढे लखनौला जैववैद्यकीय चुंबकीय अनुस्पंदनाचं केंद्र काढलं. गिरजेश गोविल यांनी मुंबईतच उच्च क्षेत्राची राष्ट्रीय सुविधा घडवली.

अल्कोहोलच्या त्या तीन सुरांचा मेंदूशी संबंध आहे, आणि आपल्या देशात तर फारच जवळचा. चाळिशीतल्या माणसाला अचानक फिट येते, एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसते. ती कर्करोगाची, की क्षयाची, की पोटातल्या जंताच्या अळीची? चित्रात तिन्ही कधीकधी जुळ्या बहिणी वाटतात. तेव्हा त्या गाठीवर स्पेक्ट्रोस्कोपी करतात, म्हणजे चित्राऐवजी तिचे सूर ऐकतात. क्षयाच्या गाठीत चरबीचा सूर ठळक येतो, ट्यूमरमध्ये कोलीन वाढतं आणि चेतापेशींचं एन-असेटिल अ‍ॅस्पार्टेट खाली जातं. एकट्या त्यावर निदान होत नाही. पण कवटी उघडण्याआधी क्षयाची औषधं देऊन पाहायची का, हे ठरवताना डॉक्टरांच्या हाताशी एक भक्कम साक्ष येते.

चित्राकडे नेणारं पाऊल 1973मध्ये पॉल लॉटरबर यांनी टाकलं. पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची धूसर प्रतिमा. 1975मध्ये झुरिकला अनिल कुमार, डिटर वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट यांनी फूरियर पद्धतीने प्रतिमा उभारण्याची रीत दिली. आज रोह्याच्या माणसाची फिल्म निघते ती याच रीतीच्या वंशातली. हेच अनिल कुमार पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवत राहिले. आपल्या मुलांना हे नाव पाठ्यपुस्तकात भेटत नाही, याची मला खंत आहे.

आता एका कारकिर्दीविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना ती वाट ठाऊक नसते. अरविंद पाठक पुणे विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंता झाले. मेंदूकडे ते वैद्यकीच्या दारातून आलेच नाहीत. सिग्नल, गोंगाट, गाळणी, गणित ही त्यांची पुंजी. अमेरिकेत मिलवॉकीला त्यांनी पीएचडी केली आणि पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये संशोधनाचं घर केलं. विषय धरला मेंदूच्या ट्यूमरमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा.

वाढणारी गाठ भुकेली असते. ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या काढते, पण त्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध सोडलं की ते चुंबकीय असल्याने रक्तवाहिन्यांभोवतीचा प्रतिसाद क्षणभर दबतो. किती दबला त्यावरून त्या जागी रक्त किती आहे याचा नकाशा काढता येतो. कल्पना सुंदर आहे, पण वाहिनी गळकी असेल तर औषध बाहेर झिरपतं आणि आकडा खोटं बोलू लागतो.

2001मध्ये पाठक आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या ट्यूमरवर हा आकडा पारखला. आधी एमआरआयचा नकाशा घेतला, मग त्याच ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वाहिन्या मोजल्या. कापाच्या जाडीचा हिशोब दुरुस्त केल्यावर दोन्ही मोजमापांचा मेळ दिसला. दुरुस्ती न करता दिसला नाही. मला या कामात मूस यांची ती दोन वर्षं दिसतात, कुलाबा आणि अलिबागला समांतर घेतलेल्या नोंदींची. नव्या साधनावर विश्वास ठेवण्याआधी त्याला जुन्याशेजारी बसवायचं, हा कष्टाचा आणि टाळ्या न मिळणारा भाग. 2008मध्ये पाठक, वॉर्ड आणि श्मैंडा यांनी रक्तवाहिन्यांचं खरं, वाकडंतिकडं जाळं घेऊन त्याभोवती चुंबकक्षेत्र कसं विस्कटेल हे संगणकावर काढण्याची पद्धत मांडली. तोवर हिशोब बहुतेक सरळ नळकांड्यांवर चाले. खरा मेंदू नळकांड्यांचा नाही, म्हणून हे हवं होतं.

पेणच्या मूर्तिकारांच्या गल्लीत वाढल्यामुळे असेल, मला साचा आणि हात यांतला फरक लवकर कळला. साच्यातून निघालेली मूर्ती सारखी असते. डोळे मात्र आखणीवालाच काढतो, आणि त्याचा हात चुकला तर सगळं रूप बिघडतं. एमआरआयच्या प्रगत पद्धतींत काम करणारे लोक आखणीवाले आहेत. यंत्र विकत मिळतं, त्यातून काय खरं आणि काय भास हे सांगणारी नजर वर्षांनी तयार होते.

काकांचं सांगायचं राहिलं. सकाळी चहाची बशी हातातून पडली, तोंड वाकडं झालं. घरात सगळे म्हणाले, अंगावरून वारं गेलंय. तेल चोळलं, एका ओळखीच्या जाणत्याला बोलावलं, दुपारी गाडी पाहिली. मी पेणहून पोचलो तेव्हा पाच तास उलटले होते. मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या रक्तवाहिनीच्या झटक्यात दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा 2006मधला एक हिशोब आहे. तो मी काकांच्या आजारानंतर वाचला आणि त्या सकाळचा एकेक तास मनात पुन्हा मोजला. आम्हीच उशीर केला. कुणी आम्हाला "वारं" म्हणजे मेंदूचा झटका हे सांगितलंच नव्हतं. आता मी भेटेल त्याला सांगतो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं एक जरी दिसलं तरी तेलाची वाटी खाली ठेवा आणि गाडी काढा.

त्या दिवशी सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही एवढं कळलं. झटका नेमका कुठे बसला ते दाखवलं एमआरआयच्या डिफ्यूजन पद्धतीने. रक्त थांबलं की पेशी फुगतात, पाण्याच्या रेणूंची मोकळी भटकंती आखडते, आणि ती जागा चित्रात पांढरी उजळते. 1990मध्ये मायकेल मोझली यांच्या गटाने मांजरांवर हे दाखवलं होतं, झटक्यानंतर तासाभरातच. फिल्मवर डाव्या बाजूला शेंगदाण्याएवढा पांढरा ठिपका होता. डॉक्टर काकूंना म्हणाले, "वहिनी, एवढंच गेलंय. बाकीचं शिकवता येईल."

यंत्रं अजून बहुतेक परदेशातून येतात, हेलियमही. पवईच्या आयआयटी आवारातली 'समीर' ही सरकारी संशोधन संस्था 1.5 टेस्लाचं देशी यंत्र विकसित करते आहे. मार्च 2025मध्ये त्याच्या चाचणीसाठी दिल्लीच्या एम्सशी करार झाला. माझी तीव्र इच्छा आहे की त्यातलं एखादं यंत्र कधीतरी पेण-रोह्याच्या रस्त्यावर लागावं. भूचुंबकत्वाची राष्ट्रीय संस्था याच जिल्ह्यात, नवी पनवेलला आहे. शंभरहून अधिक वर्षं चुंबकाची सुई शांतपणे वाचण्याची परंपरा याच किनाऱ्यावर आहे. इथल्या एखाद्या मुलीने बारावीनंतर भौतिकशास्त्र निवडलं, तर तिला घरच्यांनी "नोकरी काय मिळणार?" एवढंच विचारू नये.

सहा महिन्यांनी काकांचा दुसरा एमआरआय झाला. आता ते काठी घेऊन कुंडलिकेच्या पुलापर्यंत जातात, बोलताना 'र' अडखळतो. दारापाशी पोचताच तंत्रज्ञ तोंड उघडण्याआधी काकांनी डाव्या हाताने खिसा रिकामा केला, किल्ल्या, चष्म्याची डबी, तीन नाणी, आणि सगळं माझ्या ओंजळीत ठेवलं.