बिजसाराचा पेला आणि सारकाष्ठाचा प्रश्न

प्रमेही रुग्णांच्या हाती बिजसाराचा लाकडी पेला आता वारंवार दिसतो. आमच्याकडे आलेले एक गृहस्थ एकच पेला आठ महिने वापरीत होते. पाण्यास रंग येणे केव्हाच थांबले होते. औषध समजून ते साधे पाणीच पीत होते!

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या खुल्या अभ्यासात ९७ पैकी ६७ रुग्णांची रक्तशर्करा १२ आठवड्यांत नियंत्रणात आली. परंतु ती ठरावीक मात्रेतील विजयसाराची परीक्षा होती, पेल्यातील पाण्याची नव्हे, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

याहून गंभीर प्रश्न द्रव्याच्या उपलब्धतेचा आहे. लाकूड पुन्हा वाढते, म्हणून ते अक्षय समजले जाते. बिवळ्याबाबत हे अर्धसत्य होय. औषधी अंश खोडाच्या गडद गाभ्यात, म्हणजे सारकाष्ठात असतो. सुश्रुतांच्या सालसारादि गणाच्या नावातच 'सार' आहे. कोवळ्या झाडात बहुतांश फिकट बाह्यकाष्ठच मिळते. गाभा भरण्यास दशके लागतात, आणि तो काढण्यास झाड पाडावेच लागते. साल बेताने काढल्यास वृक्ष उभा राहतो, येथे ती सोय नाही. शिवाय कठीण कवचामुळे बियांची उगवणही कमी.

म्हणून आमचे मत असे की, औषधासाठी स्वतंत्र वृक्षतोड नको. बिवळ्याच्या इमारती लाकडाच्या कापणीत आणि पेले कातताना निघणारा गाभ्याचा भुसा व कपच्या निर्मात्यांनी घ्याव्यात. मात्र वखारीतील मिश्र भुसा किंवा वाळवीनाशक लावलेले लाकूड सर्वथा वर्ज्य. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत बिजसाल आहे. तेव्हा तोडीची परवानगी व वाहतूक परवाना पाहिल्याखेरीज माल उतरवून घेऊ नये.

नावांचा घोळही ध्यानी ठेवावा. 'असन' म्हणून काही प्रांतांत ऐन देतात, आणि आपल्याकडील 'असाणा' तर निराळाच वृक्ष. ओळखीची पहिली खूण सोपी आहे : कपची पाण्यात टाकावी, पाणी पिवळसर तपकिरी होऊन उन्हात कडेस निळसर झाक दिसावी. झाक नसेल तर माल परत करावा.

पेला विकणाऱ्या औषधालयांनी त्यासोबत एक चिठ्ठी द्यावी : पाण्यास रंग येईनासा झाला की पेला बदला, बुरशी दिसल्यास टाकून द्या, आणि चालू असलेली मधुमेहाची औषधे वैद्यांस विचारल्याशिवाय बंद करू नका. आम्ही ती मराठीत छापून घेतली आहे.