रंगीत पेन्सिलींची परीक्षा

मुलांना वाढदिवसाला काय द्यावें असा प्रश्न पडला म्हणजे रंगीत पेन्सिलींची पेटी हें उत्तर बहुतेक घरांत तयारच असतें. पेटी घेतांना मात्र आपण पेन्सिली किती आहेत तें मोजतों, झांकणावरील चित्र पाहतों आणि दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवतों. तांदूळ दांताखालीं धरून पाहणारी, लुगड्याचा रंग टिकतो कीं नाहीं हें पदराचें टोंक भिजवून ठरविणारी आपली चोखंदळ वृत्ति येथेंच कां झोंपीं जावी? नुकतीच बाजारांत आलेली एक नवी पेटी आमच्या हातीं पडली, तेव्हां तिची रीतसर परीक्षा करावी असें आम्हीं ठरविलें. पेटी २४ रंगांची, किंमत नेहमींच्या पेटीच्या जवळजवळ दुप्पट, आणि झांकणावर ‘कलावंतांसाठीं’ अशी ग्वाही. ती ग्वाही कितपत खरी, एवढाच आमचा प्रश्न होता. कारखान्याचें नांव येथें देत नाहीं. कारण परीक्षेची रीत एकदां कळली म्हणजे कोणत्याहि पेटीचा निकाल वाचकांस घरींच लावतां येईल.

प्रथम वस्तूची घडण पाहूं. साध्या शिसपेन्सिलीचा गाभा ग्रॅफाइट व माती यांचा असतो आणि तो भट्टींत भाजलेला असतो. ही युक्ति फ्रान्समध्यें निकोला-झाक काँते यानें १७९५ सालीं काढली. रंगीत पेन्सिलीच्या गाभ्यांत रंगद्रव्य, मेण किंवा तेल, डिंकासारखा एखादा चिकट पदार्थ आणि चिनीमाती किंवा शंखजिरें यांसारखें भरण असतें. त्यास भट्टीची आंच सोसत नाहीं. तो केवळ वाळवितात. म्हणूनच तो मऊ राहतो आणि लवकर मोडतो. उत्तम रंगद्रव्य महाग, भरण स्वस्त; दोन पेट्यांच्या किंमतींत व गुणांत जें अंतर पडतें, त्याचें एक मोठें कारण हेंच.

पहिली परीक्षा पेन्सिल न वापरतांच होते. तिचें मागचें टोंक डोळ्यांसमोर धरून गाभा लाकडाच्या बरोबर मध्यावर आहे कीं नाहीं हें पाहावें. तो एका अंगास सरकलेला असला तर शार्पनरमध्यें एका बाजूचें लाकूड तसेंच राहतें, दुसऱ्या बाजूचा गाभा उघडा पडतो, आणि टोंक निघतें न निघतें तोंच मोडतें. आमच्या नव्या पेटींतील २४ पैकीं ३ पेन्सिली अशा निघाल्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ती तशी नाहीं. पेन्सिल वारंवार मोडली कीं मूल पेन्सिलीला दोष देत नाहीं, आपल्या हाताला देतें. ‘मला चित्र येत नाहीं’ असें म्हणून वही मिटणाऱ्या कित्येक मुलांचा खरा अपराधी गाभ्याचा तो सरकलेला मध्य असावा!

दुसरी परीक्षा थरांची. ड्रॉइंगच्या जाड, किंचित् खरखरीत कागदावर हलक्या हातानें पिवळा लावावा, त्यावर निळा, पुन्हां पिवळा. नेहमींच्या पेटीनें तिसऱ्या थरालाच हात टेकले; कागदाचा खरखरीतपणा मेणानें भरून गेला व पेन्सिल नुसती घसरूं लागली. नव्या पेटीनें सहा थर सुखानें घेतले आणि दोहोंमधून एक सजीव हिरवा रंग उमटला. चैत्रांतील आंब्याच्या पालवीचा तांबूस रंग तयार पेन्सिलींत सहसा सांपडत नाहीं. हिरव्यावर गुलाबी व त्यावर हलका तपकिरी फिरवितांच तो आम्हांस साधला. असे थर घेणारी पेटी मुलास रंग कसा घडतो हें शिकविते. न घेणारी पेटी केवळ आंखलेल्या चौकटी भरावयास लावते.

तिसरी परीक्षा सर्वांत कठीण, कारण तिला धीर लागतो. प्रत्येक रंगाची पट्टी कागदावर काढून तिचा अर्धा भाग आम्हीं काळ्या पुठ्ठ्यानें झांकला आणि तो कागद चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत उन्हाच्या खिडकींत ठेविला. पुठ्ठा काढतांच निकाल समोर आला. गेरवा, मातकट पिवळा, तपकिरी, काळा व निळा जसेच्या तसे होते. गुलाबी अर्ध्याहून अधिक उडाला होता, आणि जांभळा राखेसारखा झाला होता. यांत नवल नाहीं. गेरू व पिवळी माती यांचा रंग लोहाच्या संयुगांचा असून तो प्रकाशाला दाद देत नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांत तो शतकानुशतकें टिकून आहे. भडक गुलाबी व जांभळे रंग मात्र पुष्कळदां उन्हांत विटणाऱ्या द्रव्यांचे असतात. ‘फाबर-कास्टेल’ या जर्मन कारखान्याच्या, १९०८ सालीं निघालेल्या ‘पॉलिक्रोमॉस’ पेन्सिलींवर रंगाचा टिकाऊपणा आज तारकांनीं दर्शविलेला असतो. अमेरिकेंत तर या गुणासाठीं स्वतंत्र मानक ठरलेलें आहे. आमच्या पेटीवर ग्वाही होती, पण खूण एकहि नव्हती.

तेव्हां निर्णय असा: ही पेटी शिकण्यास चांगली, जपून ठेवण्याच्या चित्रास अपुरी. नातीनें आजीचें चित्र काढावें, तें चौकटींत बसवून भिंतीवर लावावें, आणि दोन दिवाळ्यांनीं आजीच्या जांभळ्या लुगड्याचा रंगच नाहींसा व्हावा, हें कोणास रुचेल? अशा चित्रासाठीं टिकाऊपणाची खूण असलेल्या पांचसहा सुट्या पेन्सिली निराळ्या घ्याव्या, आणि चित्र उन्हाच्या भिंतीवर लावूं नये. रोजच्या सरावास ३६ सामान्य पेन्सिलींपेक्षां १२ चांगल्या केव्हांहि बऱ्या. पेन्सिल फरशीवर पडूं देऊं नये, हेंहि मुलांस सांगावें. वरून धड दिसणाऱ्या लाकडाच्या आंत गाभ्याचे तुकडे होतात. आणि नवी पेटी घरीं येईल त्याच दिवशीं रंगांच्या पट्ट्यांचा एक कागद खिडकींत ठेवून द्यावा. झांकणावर काय छापलें आहे याची शहानिशा सूर्य फुकट करून देतो.